छोट्या मराठी वेबसाइटवर जाहिराती लावताना

वेबसाइट काढायची, तिच्यावर गूगलच्या जाहिराती लावायच्या आणि घरबसल्या डॉलर कमवायचे, हा सल्ला हल्ली लग्नाच्या पंगतीतही फुकट मिळतो. देणाऱ्याने स्वतः बहुधा एकही जाहिरात लावलेली नसते. जाहिरातींतून पैसे मिळतात हे खरं आहे. किती, केव्हा आणि कशाच्या बदल्यात मिळतात, हे मात्र पंगतीत कुणी सांगत नाही. म्हणून आधी हिशेब मांडू.

समजा, तुम्हाला गडकिल्ल्यांचं वेड आहे आणि तुम्ही त्यावर वेबसाइट काढली आहे. हरिश्चंद्रगडाला पाचनईकडून कसं जायचं, खिरेश्वरहून टोलार खिंडीतून कसं चढायचं, नळीच्या वाटेला नवख्याने का जाऊ नये, अशी पंचवीस-तीस पानं तुम्ही लिहिलीत. रोज ३०० वेळा पानं उघडली जातात, म्हणजे महिन्याला ९ हजार. एकट्या माणसाच्या मराठी वेबसाइटसाठी हा आकडा वाईट नाही. गूगलच्या अ‍ॅडसेन्स या सेवेत कमाई मोजण्याचं एक माप आहे : हजार वेळा पानं उघडली गेली की किती पैसे पडले. त्याला आरपीएम म्हणतात. तो अर्धा डॉलर धरू. महिन्याचे झाले साडेचार डॉलर. खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत गूगल पैसे पाठवत नाही, म्हणजे पहिला हप्ता यायला बावीस-तेवीस महिने. हाती येणार साडेआठ-नऊ हजार रुपये, आणि या काळात डोमेन व होस्टिंगवर त्यातले निम्मे तरी गेलेले असणार.

अर्धा डॉलर हा मी उदाहरणासाठी धरलेला आकडा आहे. विषय विमा, कर्ज किंवा शेअर बाजार असेल तर तो बराच वर जातो, सुविचार आणि शुभेच्छा संदेश असतील तर आणखी खाली येतो. तुमचा खरा आकडा दोन-तीन महिन्यांत तुमच्याच खात्यात दिसेल. तोवर दुसऱ्याने दाखवलेल्या कमाईच्या स्क्रीनशॉटवर विसंबून नोकरीचा राजीनामा लिहू नये.

दर कमी का, हे समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे जातात. वाचक पान उघडतो त्या क्षणी पानावरच्या जाहिरातीच्या रिकाम्या चौकटीचा लिलाव होतो. जाहिरातदारांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं की कोणत्या प्रकारच्या वाचकासाठी आपण किती मोजू. ज्याची बोली जिंकते त्याची जाहिरात दिसते. अ‍ॅडसेन्स २००३ साली सुरू झालं. हिंदी त्यात २०१४ मध्ये आली आणि मराठी २०१८ मध्ये. म्हणजे मराठी पानांचा हा बाजार अजून तरुण आहे आणि बोली लावणारे कमी आहेत. मोठ्या कंपन्या मराठी वाचकाला इंग्रजी किंवा हिंदी पानावरही गाठू शकतात, मग मराठी पानासाठी जास्त कशाला मोजतील? तेच पान न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी माणसाने उघडलं तर बोली एकदम चढते, कारण तिथल्या जाहिरातदाराचा खिसा मोठा आहे.

लंडनचा विषय निघालाच आहे तर एक काम लगेच उरकून टाका. युरोप आणि ब्रिटनमधल्या वाचकाला, त्याची माहिती जाहिरातींसाठी वापरण्याआधी, त्याची संमती विचारणारी चौकट दाखवावी लागते, आणि ती गूगलने मान्य केलेल्या पद्धतीचीच असावी लागते. जानेवारी २०२४ पासून हा नियम आहे. अ‍ॅडसेन्सच्या खात्यातच ती तयार मिळते, फक्त सुरू करायची. ती नसेल तर ज्या वाचकांचे चांगले पैसे मिळायचे नेमक्या त्यांनाच जास्त पैशांच्या जाहिराती दिसत नाहीत.

जाहिरातदाराने मोजलेल्या पैशांतले गूगलमार्फत आलेल्या जाहिरातींवर साधारण १०० पैकी ६८ वेबसाइटवाल्याला मिळतात. २०२४ च्या सुरुवातीपासून हे पैसे क्लिकवर न मोजता जाहिरात किती वेळा दिसली यावर मोजले जातात. वाचकाला फसवून क्लिक करायला लावण्याच्या जुन्या युक्त्या तेव्हाही नियमाबाहेर होत्या, आता तर त्या मूर्खपणाच्याही ठरतात. वाचक पानावर थांबला, शेवटपर्यंत वाचत गेला, दुसरं पान उघडलं, तर पैसे.

आता लिहायचं काय? अ‍ॅडसेन्सकडे केलेला अर्ज फेटाळला जातो तेव्हा सर्वांत जास्त ऐकू येणारं कारण म्हणजे मजकुराला फारसं मूल्य नाही. आरत्या, उखाणे, निबंध, 'दहा सुंदर ठिकाणं' यांची एकसारखी हजारो पानं नेटवर पडून आहेत, त्यात तुमचं आणखी एक कुणाला हवंय? मार्च २०२४ मध्ये गूगलने घाऊक भावात तयार केलेल्या पानांविरुद्धचा नियमही कडक केला, मग ती माणसाने पाडलेली असोत की यंत्राने. त्यातच भारतात २०२४ पासून शोधाच्या निकालांवरच यंत्राने लिहिलेलं उत्तर दिसू लागलं आहे. गडाची उंची किती, तालुका कोणता, हे वाचकाला तिथेच कळतं. तो तुमच्या पानापर्यंत येतच नाही.

तो येतो ते दोन ओळींत न संपणाऱ्या गोष्टीसाठी. पाचनईच्या वाटेचं पान लिहिताना राजूरहून पुढे जायला काय मिळतं, शनिवारी रात्री मुक्काम करायचा तर गावात कुणाला आधी फोन करावा लागतो, पावसात कोणता ओढा आडवा येतो, एप्रिलमध्ये कोणत्या टाक्याचं पाणी पिण्याजोगं राहतं, लहान मुलं बरोबर असतील तर कुठून परत फिरावं, हे लिहा. हे जाऊन आलेल्यालाच माहीत असतं. फोटोही स्वतःचेच हवेत. दुसऱ्याचे उचललेले फोटो हा केवळ सभ्यतेचा प्रश्न नाही, कॉपीराइटची तक्रार आली की पान आणि कधीकधी जाहिरातीही बंद होतात.

मराठीपुरत्या दोन सूचना. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवू नका. तुमच्या संगणकावर तो छान दिसेल, गूगलला मात्र तो निरर्थक अक्षरांचा ढीग वाटतो. सगळं युनिकोडमध्येच हवं. दुसरं, बरेच मराठी वाचक शोधताना रोमन लिपीत टाइप करतात. म्हणून पानाच्या पत्त्यात आणि फोटोच्या वर्णनात गडाचं नाव रोमन अक्षरांतही असू द्या.

हंगामाकडे लक्ष ठेवा. गडांचे वाचक पहिल्या पावसाबरोबर वाढतात, तर जाहिरातींचे दर दसरा-दिवाळीच्या आसपास चढतात आणि जानेवारीत धाडकन उतरतात. जानेवारीत कमाई निम्मी दिसली तर आपलं काही चुकलं असं वाटून घेऊ नका. पावसाळ्याची पानं एप्रिल-मे मध्ये लिहून तयार ठेवावीत, कारण नवं पान गूगलच्या निकालांत वर यायला वेळ लागतो. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. रायगड, राजगडावर सगळ्यांचीच पानं होती. पण साल्हेर, खांदेरी किंवा तमिळनाडूतल्या जिंजीचं नीट लिहिलेलं मराठी पान ज्याच्याकडे आधीपासून होतं, त्याला त्या आठवड्यात वाचक शोधायला जावं लागलं नसणार.

अर्ज करताना लोक घाईत चुकतात ते नाव आणि पत्ता लिहिताना. पैसे घेणाऱ्याचं नाव बँकेच्या पासबुकात जसं आहे अगदी तसंच लिहा. वडिलांचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, सगळं. पॅन कार्डावर वेगळं असेल तर आधी तो घोळ निस्तरा. वय १८ पूर्ण हवं. एका माणसाला एकच खातं. दुसरं उघडलं तर दोन्ही जाण्याची भीती.

खात्यात १० डॉलर जमले की गूगल तुमच्या पत्त्यावर सहा आकडी पिन असलेलं पत्र पाठवतं. हे पत्र साध्या टपालाने येतं. रजिस्टर नसतं, त्यावर सही घेत नाहीत, कुठवर पोहोचलं ते कळत नाही. दिसायला ते बँकेच्या किंवा टेलिफोन कंपनीच्या फालतू पत्रासारखंच असतं, आणि सोसायटीच्या जिन्याखालच्या पेटीत इतर कागदांबरोबर रद्दीत जाऊ शकतं. पत्त्यात फक्त 'मारुती मंदिराजवळ' लिहून भागत नाही. घर क्रमांक, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड रोमन लिपीत स्पष्ट लिहा, आणि पोस्टमनदादांच्या कानावर घालून ठेवा. चार महिन्यांत पिन भरला गेला नाही तर पानांवरच्या जाहिराती थांबतात. पत्र आलंच नाही तर पुन्हा मागवता येतं, तेव्हा घाबरून नवं खातं उघडायला जाऊ नका.

१०० डॉलर पूर्ण झाले की पैसे पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात आणि परदेशी रक्कम म्हणून थेट बँकेत येतात. तुमच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसेल तर मुख्य शाखेचा कोणता वापरायचा ते विचारून घ्या. पहिल्या वेळी बँकेतून फोन येतो : ही रक्कम कशाची? रिझर्व्ह बँकेच्या यादीत जाहिरात सेवेसाठी पी-१००७ हा कोड आहे, तो सांगितला की काम होतं. बँक किती शुल्क कापते तेही विचारा. काही बँका डॉलरचा भाव देतानाच बरंच काही कापून घेतात.

पानावर जाहिराती कुठे लावायच्या, याबद्दल माझं मत ठाम आहे : कमी आणि अंतराने. अ‍ॅडसेन्समध्ये 'ऑटो अ‍ॅड्स' सुरू केलं की गूगल स्वतःच जागा शोधतं आणि मोकळा हात दिला तर पान जाहिरातींनी भरून टाकतं. एकदा स्वतःचं पान स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटावर, गडाच्या पायथ्याशी मिळते तेवढ्याच रेंजमध्ये उघडून बघा. शीर्षक येतं. वाचायला सुरुवात करावी तोच वर जाहिरात उगवते आणि ओळ खाली सरकते. 'पुढील पान' दाबायला बोट टेकवावं तर त्या जागी नेमकी जाहिरात आलेली असते. वाचक चिडून मागे जातो. अशा चुकून पडलेल्या क्लिकचे पैसे गूगल नंतर कापून घेतं ते वेगळंच. म्हणून जाहिरातीच्या चौकटीला आधीच ठरावीक उंची द्या, म्हणजे मजकूर उड्या मारणार नाही. पूर्ण पडदा व्यापणारी जाहिरात बंद करा. पहिली चौकट दोन परिच्छेदांनंतर, दुसरी पानाच्या शेवटी, आणि पान फारच लांब असेल तर मध्ये एक. बटणांच्या आणि मेनूच्या शेजारी एकही नको.

खात्यात नको असलेले जाहिरातींचे प्रकार बंद करण्याची सोय आहे. ज्योतिष, झटपट श्रीमंती, वजन घटवणं हे मी पहिल्याच दिवशी बंद करायला सांगेन. दोन-चार डॉलर कमी मिळतील. पण राजगडाच्या इतिहासाखाली वशीकरणवाल्याचा चेहरा दिसणार नाही.

मग नातेवाईक. मेहुणे प्रेमापोटी रोज तुमची वेबसाइट उघडून प्रत्येक जाहिरात दाबतात आणि 'आज पन्नास वेळा केलं हं!' असा मेसेज करतात. त्यांना लगेच थांबवा. स्वतःच्या जाहिरातींवर स्वतः क्लिक करणं, घरच्यांकडून करवून घेणं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'जाहिरातीवर क्लिक करून मदत करा' असं लिहिणं, हे सगळं नियमाबाहेर आहे. गूगलला ते ओळखू येतं. खातं एकदा बंद झालं की परत मिळवणं फार अवघड असतं. ग्रुपवर पानाची लिंक टाका, जाहिरातीचं नावही काढू नका.

इथवरचं सगळं नीट केलं तरी आपल्या उदाहरणातली वेबसाइट महिन्याला साडेचार डॉलरच मिळवणार. छोट्या मराठी वेबसाइटला खरे पैसे मिळू शकतात ते दुसऱ्या वाटेने, आणि ती वाट मराठी माणसाला चांगली ठाऊक आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपले दिवाळी अंक जाहिरातींच्या जोरावर उभे आहेत. मलपृष्ठ, आतलं पान, अर्धं पान, पाव पान, प्रत्येकाचा दर ठरलेला, आणि संपादक स्वतः पेढीवर जाऊन जाहिरात आणतो. तेच करा. वेबसाइटवरची एक चौकट गूगलला न देता स्वतः विका.

गडांच्या वेबसाइटला ट्रेकिंगचं सामान विकणारं दुकान, पायथ्याच्या गावात राहण्या-जेवणाची सोय करणारं घर, शनिवार-रविवारच्या सहली नेणारी संस्था हे जाहिरातदार सहज सुचतात. दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, बघतात किती जण?" आकडा फुगवू नका. फोनवर गूगल अ‍ॅनॅलिटिक्स उघडून समोर ठेवा. "महिन्याला नऊ हजार वेळा पानं उघडली जातात. पावसाळ्यात वाढतात. पाचनईचं पान सगळ्यांत जास्त."

"म्हणजे गिऱ्हाईक किती येईल?"

"ते मी सांगू शकत नाही. पण जूनमध्ये हरिश्चंद्रगडाची वाट शोधणारा माणूस बूट आणि पॉन्चो घेणारच असतो. तुम्ही दहा टक्के सूट द्या आणि वेबसाइटचं नाव सांगणाऱ्यालाच द्या. सप्टेंबरअखेर किती जणांनी नाव सांगितलं ते मोजू."

ही शेवटची ओळ दुकानदाराला पटते, कारण तिच्यात त्याला हिशेब दिसतो. जून ते सप्टेंबर अशा चार महिन्यांचे १५०० रुपये मागितले तर ती रक्कम त्याला जड नाही. अर्धा डॉलर आरपीएमने तेवढेच पैसे गूगलकडून मिळवायला पानं साधारण ३४ हजार वेळा उघडली जावी लागतील. असे तीन-चार जाहिरातदार मिळाले तर वर्षाचा खर्च निघून वर काही उरतं. खिरेश्वर किंवा पाचनईच्या घरगुती जेवणवाल्याकडे मात्र पैशांचा आग्रह धरू नका. तुमच्या वाचकाला तिथे पिठलं-भाकरी मिळते हीच तुमच्या पानाची किंमत वाढवणारी गोष्ट आहे.

सौदा तोंडी ठेवू नका. जागा, मुदत, रक्कम, मजकूर कोण लिहिणार, हे चार ओळींत व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या आणि पैशांची पावती द्या. चौकटीवर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहा. पैसे किंवा फुकट बूट घेऊन त्यांची तारीफ करणारा लेख लिहिला तर तेही वाचकाला सुरुवातीलाच सांगा. ग्राहक संरक्षणाच्या सरकारी मार्गदर्शक सूचना आणि जाहिरात मानक परिषदेचे नियम दोन्हींत तशी अट आहे. दुकानाच्या लिंकला कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' अशी खूण करावी, म्हणजे गूगलही रागावत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीवाले चांगली रक्कम देऊ करतात, त्यांना सरळ नाही म्हणा. २०२५ च्या कायद्याने अशा खेळांच्या जाहिरातींवरच बंदी घातली आहे.

वस्तूंच्या लिंकवरून कमिशन मिळवण्याची तिसरी वाटही आहे. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. वापरून पाहिलेल्याच वस्तूंची लिंक द्यावी, एवढंच सांगतो.

करांचं टाळता येत नाही. हे उत्पन्न करपात्र आहे, मग ते गूगलकडून आलेलं असो की दुकानदाराकडून. रक्कम छोटी असली तरी विवरणपत्रात दाखवा आणि डोमेन-होस्टिंगच्या पावत्या जपून ठेवा, तो खर्च वजा होऊ शकतो. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाख आहे, तिची चिंता सध्या नको. चिंता करायची ती नोकरदारांनी. मराठीत चांगल्या वेबसाइट चालवणाऱ्यांत शिक्षक आणि सरकारी कर्मचारी बरेच आहेत. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार परवानगीशिवाय खाजगी व्यवसाय करता येत नाही. अर्ज करण्याआधी कार्यालयात लेखी विचारा. 'सगळेच करतात' हे उत्तर विभागीय चौकशीत चालत नाही.

मग लावाव्यात की नाहीत? तुमच्याकडे वाचक आधीच येत असतील तर लावा. वाचक नसतील तर वर्षभर जाहिरातींचा विचार बाजूला ठेवून पानं लिहा, कारण रिकाम्या वेबसाइटवर जाहिराती लावल्या तर आलेला वाचक परत येत नाही. वर्षभर लावून पाहिल्यावर आकडा शंभर डॉलरच्या जवळपासही गेला नसेल तर अ‍ॅडसेन्स काढून टाका आणि ती जागा दुकानदाराला द्या. त्या वेळी शिल्लक १० डॉलरच्या वर असेल आणि पिन भरलेला असेल, तर खातं बंद करतानाही ते पैसे मिळतात, तेवढे मागायला विसरू नका.